सीलची प्रतिकारशक्ती आणि आपली सोय

२०२३ च्या ऑक्टोबरात अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर एलिफंट सीलची सतरा हजारांहून जास्त पिल्लं मेली. त्या हंगामात जन्मलेल्या दर शंभर पिल्लांमागे पंचाण्णवच्या वर. कारण होतं एच५एन१, म्हणजे ज्याला आपण ‘बर्ड फ्लू’ म्हणतो तो विषाणू. अशी बातमी आली की तिच्यामागून दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, “निसर्ग आपला समतोल राखतो.” दुसरं, “या प्राण्यांची प्रतिकारशक्तीच कमी असते.” पहिलं वाक्य म्हणणारा स्वतःला तत्त्वज्ञ समजतो, दुसरं म्हणणारा वैज्ञानिक. माझं भांडण दोघांशी आहे. पहिलं वाक्य साफ चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे, आणि म्हणून जास्त घातक आहे.

आधी समतोलाचं बघू.

१९८८ च्या एप्रिलमध्ये डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या कॅटेगॅट समुद्रात, आनहोल्ट नावाच्या छोट्या बेटावर हार्बर सीलच्या माद्यांचे गर्भपात होऊ लागले. पाठोपाठ मोठे सील मरू लागले. नाकाडोळ्यांतून स्राव, धाप, न्यूमोनिया. काही महिन्यांत ही साथ वाडन समुद्र, हॉलंड, इंग्लंडचा पूर्व किनारा, स्कॉटलंड असं करत उत्तर समुद्रभर पसरली. मेलेल्या सीलचा आकडा तेव्हा अठरा हजारांच्या आसपास सांगितला गेला. नंतरच्या हिशेबात तो तेवीस हजारांपर्यंत गेला. सुरुवातीला वाटलं, हा कुत्र्यांचा डिस्टेंपर आहे. मग कळलं की हा त्याचा भाऊबंद, पण वेगळा विषाणू आहे. त्याला ‘फोसाइन डिस्टेंपर’ म्हणजे सीलचा डिस्टेंपर असं नाव पडलं. या कुळातली बाकीची मंडळी आपल्या ओळखीची आहेत: माणसांचा गोवर, आणि गुरांची बुळकांडी, जिचं २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

२००२ मध्ये हीच साथ पुन्हा आली, पुन्हा आनहोल्टवरूनच सुरू झाली, आणि या वेळी सुमारे तीस हजार सील मेले.

आता समतोलवाल्यांचा युक्तिवाद असा : सील फार झाले होते, निसर्गानं ते कमी केले. पण ‘फार’ म्हणजे कशाच्या तुलनेत? वाडन समुद्रातल्या सीलची विसाव्या शतकात इतकी शिकार झाली होती की हॉलंड, जर्मनी आणि डेन्मार्कला एकेक करून ती बंद करावी लागली. १९८८ मध्ये तिथे जे सील होते ते त्या शिकारीतून सावरत असलेले होते. शिवाय साथीनंतर उरलेल्या सीलची संख्या दरवर्षी बारा-तेरा टक्क्यांनी वाढत गेली. हा वेग या जातीला शक्य असलेल्या कमाल वेगाच्या जवळपास आहे. समुद्रात खायला पुरत नसतं, जागा संपली असती, तर हा वेग आधीच मंदावलेला दिसला असता. तो दिसला नाही. म्हणजे भरलेल्या भांड्यातून सांडलेलं हे पाणी नव्हतं. अर्धवट भरलेलं भांडं कुणीतरी लवंडलं होतं.

“दुर्बळ मेले, सबळ उरले” हे तर आणखी पोकळ. शंभरातली पंचाण्णव पिल्लं मरतात तेव्हा निवड कसली होते? पूर आला आणि वाडीतली पंचाण्णव घरं वाहून गेली, तर उरलेल्या पाच घरांचे गवंडी हुशार होते असं आपण म्हणत नाही. ती घरं उंचावर होती, एवढंच म्हणतो.

पण मग १९८८ मध्ये एवढे सील का मेले, आणि चौदा वर्षांनी पुन्हा का मेले? इथे दुसरं वाक्य येतं, प्रतिकारशक्तीचं. त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. ती सोडवायला सीलपासून थोडं लांब, माणसांकडे जावं लागेल.

१८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवर आला. त्याआधीचा गोवर १७८१ मधला, म्हणजे मधली पासष्ट वर्षं बेटांवर तो नव्हता. बेटांची वस्ती पावणेआठ हजारांच्या घरात. त्यातले सुमारे सहा हजार आजारी पडले. पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर चौकशीला गेला. त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी, १७८१ मध्ये, गोवर होऊन गेला होता, त्यांच्यातलं कुणीही या वेळी आजारी पडलं नाही. ऐंशीच्या घरातले वाकलेले म्हातारे ठणठणीत आणि पंचविशीतले धडधाकट दर्यावर्दी अंथरुणात. शरीराच्या बळाचा इथे काही संबंध नव्हता. संबंध होता तो या विषाणूशी आधी गाठ पडली होती की नाही याचा.

उत्तर समुद्रातल्या सीलचं हेच झालं. गोवराच्या कुळातल्या विषाणूला टिकून राहायला सतत नवी, न लागण झालेली शरीरं लागतात. माणसांतला गोवर काही लाखांच्या वस्तीशिवाय एका जागी कायम मुक्काम करू शकत नाही. काही हजार सीलच्या कळपांत हा विषाणू वणव्यासारखा येतो, जळेल ते जाळतो आणि विझतो. वाचलेल्यांना संरक्षण मिळतं, पण ते त्यांच्याबरोबरच म्हातारं होतं. २००२ पर्यंत किनाऱ्यावरचे बहुतेक सील १९८८ नंतर जन्मलेले होते. ते दुबळे नव्हते, त्यांना या विषाणूची ओळख नव्हती, इतकंच. ‘प्रतिकारशक्ती कमी’ या शब्दांनी अनोळखीपणाला दुबळेपणा ठरवलं जातं. माझा पहिला आक्षेप हा आहे.

दुसरा आक्षेप जरा आपल्याच लोकांवर आहे. पर्यावरणाच्या बाजूनं लिहिणारे आपण सगळे १९८८ ची गोष्ट एका दमात सांगतो : समुद्रात पीसीबी हे औद्योगिक रसायन साचलं, त्यानं सीलची प्रतिकारशक्ती खचली, म्हणून ते मेले. या गोष्टीला भक्कम आधार आहेत, पण ती सांगितली जाते तितकी सरळ नाही. १९८६ मध्ये पीटर राइंडर्स यांनी दाखवून दिलं की वाडन समुद्रातल्या प्रदूषित माशांवर वाढवलेल्या माद्यांना पिल्लं कमी होतात. साथीनंतर हॉलंडमध्ये आणखी एक प्रयोग झाला. बावीस सीलचे दोन गट केले. एकाला दोन वर्षांहून अधिक काळ बाल्टिकमधले प्रदूषित हेरिंग मासे दिले, दुसऱ्याला अटलांटिकमधले त्या मानानं स्वच्छ. बाल्टिकचे मासे खाणाऱ्या गटात विषाणूंशी लढणाऱ्या पेशींचं काम मंदावलेलं आढळलं. हे महत्त्वाचं आहे आणि खरं आहे. पीसीबी चरबीत साठतं, आईच्या दुधातून पिल्लात उतरतं. पहिलटकरणीच्या पिल्लाला तर आईनं आयुष्यभर साठवलेल्या विषाचा मोठा वाटा मिळतो.

पण यावरून “प्रदूषणानं तेवीस हजार सील मारले” असं म्हणता येत नाही. प्रयोगातले सील साथीत सापडलेले नव्हते. साथीत मेलेल्या आणि वाचलेल्या सीलच्या शरीरातल्या रसायनांची तुलना करताना मेलेला प्राणी आजारात रोडावलेला असतो, त्याच्या उरलेल्या चरबीत रसायन दाट झालेलं असतं, आणि मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सांगणं अवघड होतं. अनोळखी कळपात हा विषाणू स्वच्छ समुद्रातही थैमान घालू शकतो. आपण पुराव्यापेक्षा एक पायरी वर चढून बोललो की समोरचा कारखानदारांचा वकील नेमकी तीच पायरी काढून घेतो, आणि मग खालच्या सगळ्या भक्कम पायऱ्याही डळमळीत असल्याचं भासवतो. पीसीबीविरुद्धचा जागतिक स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला. राइंडर्स यांच्या निबंधानंतर पंधरा वर्षांनी. ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ या चार शब्दांवर किती वर्षं काढता येतात याचं हे उदाहरण. त्यात आपल्या अतिशयोक्तीची भर कशाला?

आता मुद्द्याचं. आजार व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, शरीर रोगाला जागा देणारं असावं. दुसरी, रोग त्या शरीरापर्यंत पोचावा. आपली सगळी चर्चा पहिल्या गोष्टीवर चालते. मला दुसरीबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे दारं उघडणारे हात दिसतात.

पहिलं दार कुत्र्यांचं. १९८७-८८ मध्ये सैबेरियातल्या बैकाल सरोवरात हजारो सील मेले. हे सरोवर समुद्रापासून शेकडो कोस दूर, तिथले सील गोड्या पाण्यात राहणारे, उत्तर समुद्रातल्या सीलशी त्यांची गाठ पडणं अशक्य. विषाणू निघाला कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा. २००० मध्ये कॅस्पियन समुद्रात हजारो सील मेले, तेही याच विषाणूनं. त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, अंटार्क्टिकात क्रॅबईटर सील मोठ्या संख्येनं मेले होते. पुढे त्या जातीच्या रक्तात कुत्र्यांच्या डिस्टेंपरविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली आणि संशय गेला मोहिमांच्या घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांवर. म्हणून १९९४ पर्यंत अंटार्क्टिकातून कुत्रे हलवण्यात आले. कुणी असं म्हटलं नाही की आधी सीलची प्रतिकारशक्ती वाढवूया. दार दिसलं, ते बंद केलं.

दुसरं दार भुकेचं. १९८८ चा विषाणू उत्तर समुद्रात कुणी आणला? सर्वात पटणारा तर्क हार्प सीलकडे बोट दाखवतो. हे आर्क्टिकचे रहिवासी. त्यांच्यात या विषाणूची प्रतिद्रव्यं १९८८ च्या आधीपासून होती, म्हणजे त्यांची त्याच्याशी जुनी ओळख. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बॅरेंट्स समुद्रातले कॅपेलिन मासे कोसळले. त्यात अतिमासेमारीचा मोठा हात होता. उपाशी हार्प सील झुंडीनं दक्षिणेला, नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरले. हजारो जाळ्यांत अडकून मेले, काही आणखी खाली गेले. पुढच्याच वर्षी आनहोल्ट. हा तर्क आहे, न्यायालयातला पुरावा नाही. पण तो खरा असेल तर तेवीस हजार सीलच्या मृत्यूची एक कडी ट्रॉलरच्या जाळ्याला बांधलेली आहे.

तिसरं दार कोंबड्यांचं, आणि हे आपल्या घराच्या सगळ्यात जवळचं. आज सीलना मारणाऱ्या एच५एन१ ची वंशावळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांपर्यंत जाते. जंगली बदकांत फ्लूचे विषाणू पूर्वापार आहेत, बहुतेक निरुपद्रवी. ते प्राणघातक होतात ते प्रामुख्यानं पोल्ट्रीत शिरल्यावर, जिथे हजारो सारख्या कोंबड्या खेटून उभ्या असतात आणि विषाणूला पुढच्या शरीरासाठी वाट बघावी लागत नाही. असा घडलेला विषाणू पुन्हा जंगली पक्ष्यांत जातो आणि त्यांच्या पंखांवरून खंड ओलांडतो. २०२२ च्या अखेरीस तो दक्षिण अमेरिकेत पोचला. पेरूच्या किनाऱ्यावर हजारो सी लायन मेले, मग चिली, मग अर्जेंटिना, मग वाल्देसची पिल्लं. पुढे तो दक्षिण जॉर्जिया बेटावर गेला. तिथल्या तीन सर्वात मोठ्या वसाहतींत २०२२ च्या तुलनेत २०२४ मध्ये विणीला आलेल्या एलिफंट सील माद्या जवळजवळ निम्म्यानं घटल्या होत्या. पिल्लांची एक पिढी गेली तर भरून काढता येते. माद्याच गेल्या तर दशकं जातात.

“आपल्याकडे सील कुठे असतात?” असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एका गावाच्या नावाचं आहे : नवापूर. भारतातला एच५एन१ चा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावात झाला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. आणि दुसरं नाव गोरेवाडा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं मेले; संशय खायला दिलेल्या कोंबडीच्या मांसावर होता. तिसरं नाव शेजारच्या गुजरातचं. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात तीन आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले आणि तपासात कुत्र्यांचा डिस्टेंपर निघाला. बैकालच्या सीलला मारणारा तोच. म्हणजे सीलना पाडणाऱ्या दोन्ही विषाणूंची आपल्या जंगलांत ये-जा आहे, आणि ते येतात त्याच दारांतून : भटकी, न टोचलेली कुत्री आणि दाटीवाटीची पोल्ट्री.

इथे कुणी म्हणेल, सगळं खापर माणसावर फोडणं हाही एक अहंकारच नाही का? शरीरांत मुळातच फरक असतो की. मान्य. ग्रे सीलना फोसाइन डिस्टेंपरची लागण होते, पण ते क्वचितच मरतात; त्याच किनाऱ्यावर शेजारी पहुडलेले हार्बर सील मरतात. सीलच्या फुप्फुसांत पक्ष्यांच्या फ्लूला चिकटायला जागा असतात. एलिफंट सील विणीच्या हंगामात अंगाला अंग लावून पडतात. साथीला याहून सोयीचं काय? हे सगळं खरं आहे आणि यातलं काही माणसानं केलेलं नाही.

पण रक्तातल्या कमकुवतपणाच्या प्रत्येक गोष्टीमागे थोडं खणून बघा. १८९० च्या दशकात तेलासाठी इतकी कत्तल झाली होती की उत्तरेकडचे एलिफंट सील जेमतेम काही डझन किंवा शंभरेक उरले. आज ते दोन लाखांच्या वर आहेत, पण सगळे त्या मूठभरांचे वंशज, जनुकीय वैविध्य जवळजवळ शून्य. कॅलिफोर्नियातल्या सी लायनवरच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळच्या नात्यातून जन्मलेले प्राणी जास्त आजारी पडतात असं दिसलं होतं. म्हणजे ज्या कमकुवतपणाला आपण जन्मजात म्हणतो, त्यातला काही आपल्या पणजोबांच्या काळातल्या दिव्यांत जळलेला आहे.

आणि समजा, कमकुवतपणा पूर्णपणे निसर्गाचा असता, तरी काय बदललं असतं? सीलच्या फुप्फुसाची रचना मला बदलता येत नाही. कुत्र्यांना लस टोचता येते. कोंबड्यांची दाटी कमी करता येते. कॅपेलिनची पकड रोखता येते. जे बदलता येतं त्याबद्दल गप्प राहून जे बदलता येत नाही त्यावर चर्चा करणं, याला मी सोय म्हणतो.

हवाईतले मंक सील जगात सोळाशेच्या आसपास उरलेत. त्यांचंही जनुकीय वैविध्य तोकडं आहे आणि डिस्टेंपर कधीही बेटांवर उतरू शकतो. २०१६ पासून अमेरिकी शास्त्रज्ञ त्यांना समुद्रकिनाऱ्यावर गाठून लस टोचत आहेत, साथ यायच्या आधी. त्यावर “निसर्गात ढवळाढवळ” असा आक्षेप घेणारे लोक आहेत. शिकार, जाळी, रसायनं, कुत्री हे सगळं होऊन गेल्यावर नेमकी सुई टोचतानाच निसर्गाचं पावित्र्य आठवतं, याचं मला आश्चर्य वाटतं.

मराठीत ‘बळी’ या शब्दाभोवती चार क्रियापदं फिरतात. बळी देणे, बळी घेणे, बळी जाणे, बळी पडणे. पहिल्या दोघांत कर्ता उघड असतो. शेवटच्या दोघांत तो गायब होतो, उरतो फक्त पडणारा. “सील रोगाला बळी पडतात” हे वाक्य व्याकरणानं निर्दोष आहे, आणि त्यात दुसऱ्या कुणाचाच दोष दिसत नाही. करोनाच्या काळात आपण माणसांच्या बाबतीतही हेच केलं. काढे उकळले, इम्युनिटीच्या गोळ्या विकल्या. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं का राहतात हा प्रश्न मात्र कुणाच्या प्रतिकारशक्तीत बसत नव्हता. आजारी पडला तो दुबळा, हा हिशेब आपल्याला आवडतो, कारण त्यात घरमालक, कंत्राटदार आणि नगरपालिका यांच्यापैकी कुणाचंच नाव लिहावं लागत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पुढच्या वेळी कुठल्या किनाऱ्यावर सील मेल्याची बातमी येईल, आणि ती येईलच, तेव्हा “ते इतके नाजूक का?” हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न “हा विषाणू इथपर्यंत आला कसा?” हा असू द्या. आणि तो फक्त सीलसाठी नको. अभयारण्याच्या सीमेवरच्या गावांत कुत्र्यांच्या लसीकरणाला किती पैसा मिळतो, पोल्ट्रीत मर सुरू झाल्याचं कळवणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई कधी मिळते, प्राणिसंग्रहालयात येणारं मांस कोण तपासतं, हे विचारा. ज्या शेतकऱ्याला भरपाईची खात्री नसते तो मेलेल्या कोंबड्या रात्री नाल्यात टाकतो, आणि विषाणूला पुढचं दार तिथे उघडतं. या प्रश्नांची उत्तरं जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागात आणि वनखात्यात मिळायला हवीत. ती सीलच्या रक्तात शोधायची गरज नाही.